मोहाखालची हरकत

रमजानीचाचांचा आवाज एवढा मोठा आहे की त्यांना डफाची गरजच नाही, असं मी नेहमी म्हणते. पण म्युनिसिपल कमेटीचा नियम आहे, आधी डफ आणि मग दवंडी. त्या रविवारी ते आमच्या क्वार्टरांमागच्या मैदानात आले तेव्हा मी मागच्या ओट्यावर केस वाळवत बसले होते आणि आई शेजारी तांदूळ निवडत होती.

"सुनो भाई सुनो! कोटरे के रास्ते वाली ज़मीन, महुए से लेकर सड़क तक, कमेटी के काम की नहीं है! अगले सोमवार को यहीं मौके पर नीलाम होगी! जिसको उज्र हो, बोली से पहले यहीं खड़े होकर कहे!"

उज्र म्हणजे हरकत. गेल्या वर्षी मला हा शब्द माहीत नव्हता. गेल्या वर्षी मला 'बहुत'सुद्धा धड म्हणता येत नव्हतं, आणि वर्गातल्या मुली मला 'नागपुरी संतरा' म्हणायच्या. पण या डिसेंबरात मी शाळेच्या वादविवादात पहिली आले, हिंदीत, हातात कागद न धरता, आणि त्यानंतर संत्रं सोलायची कुणाची हिंमत झालेली नाही. तेव्हा मी उठले, रमजानीचाचांसारखा एक हात कानावर ठेवला, छाती काढली आणि सगळी दवंडी त्यांच्याच सुरात म्हणून दाखवली.

पलीकडच्या ओट्यावर लीलावतीकाकू कपडे पिळत होत्या. त्या हसता हसता खाली बसल्या. "कांचे, तुझ्या सासरच्यांना भोंगा विकत घ्यायला नको गं बाई!"

"मी लग्न करणारच नाहीये. मी वकील होणार."

"ऐकलंत का रत्नाबाई? वकीलसाहेबांचं ऐका!"

आई हसली नाही. तिचा हात सुपातच थांबला होता. "काय म्हणाला तो? कुठून कुठपर्यंत?"

"मोहाच्या झाडापासून सडकेपर्यंत."

"मोह धरून, की मोह सोडून?"

मी ओल्या केसांनीच पळत गेले आणि चाचांना विचारून आले. ते म्हणाले, "महुआ भी गया, बिटिया." परत येऊन मी ते सांगितलं तेव्हा काकूंचंही हसू गेलेलं होतं. पिळलेलं धोतर त्यांनी तसंच बादलीत सोडलं.

आम्ही नागपूरची माणसं. राज्यं नव्याने आखली, नागपूर मुंबईकडे गेलं आणि सचिवालय भोपाळला आलं, तेव्हा कपाटं, फायली आणि कारकून एकाच गाडीत भरून इकडे पाठवले, असं बाबा म्हणतात. आम्हाला कोटऱ्याच्या वाटेवर नवी क्वार्टरं मिळाली. नवी म्हणजे इतकी नवी, की खिडक्या होत्या पण काचा बसायच्या होत्या. त्या पहिल्याच थंडीत माझा भाऊ जन्मला आणि बारशाच्या आत गेला. छातीत थंडी भरली होती.

एवढ्या तान्ह्या बाळाला आमच्यात अग्नी देत नाहीत, पुरतात. आणि तिथे बायका जात नाहीत. नागपुरात असतो तर काका, मामा, शेजारपाजारचे सगळे पुढे झाले असते आणि कुठे जायचं हे कुणाला विचारावंही लागलं नसतं. इथे होते दोघंच, बाबा आणि लीलावतीकाकूंचे यजमान विश्वासकाका. दोघंही नवे, दोघांची हिंदी माझ्याहून वाईट. त्यांनी कुणाला विचारलं नाही. बाळाला घेऊन मागच्या मोकळ्या जमिनीत गेले, पुरलं, परत येऊन नळाखाली अंघोळ केली. लहान मुलांसाठी वेगळी जागा गावाच्या पार दुसऱ्या टोकाला आहे हे नंतर कळलं, पण तोवर झालं होतं ते झालं होतं.

आईने बाबांना त्या दिवसाबद्दल काही विचारलं नाही. बाबांनी सांगितलं नाही. ती उठून फिरू लागली तशी एका संध्याकाळी लोटाभर पाणी घेऊन मैदानात गेली आणि मोहाच्या बुंध्याशी ओतून आली. त्या सगळ्या उजाड जमिनीत सावलीचं झाड तेवढं एकच. आपल्या बाळाला माणूस दुसरीकडे कुठे नेईल? त्यानंतर ती रोज जाते. पाऊस असला तरी जाते. आम्ही तिला कुठे चाललीस असं विचारत नाही.

आता ते झाड लिलावात निघालं होतं.

विकतात कसं, हे मला माहीत आहे, कारण बाबांना सचिवालयातून उसनवार म्हणून कमेटीच्या जमीन शाखेत पाठवलंय. राजधानी झाल्यापासून कमेटीला रस्ते पाहिजेत, दिवे पाहिजेत, नळ पाहिजेत, आणि पैसा नाही. मग जी सरकारी जमीन कामाची नाही ती विकायची. कामाची नाही हे ठरवायचं कसं? तर शाखेतला माणूस जाऊन पाहणी करतो. विहीर आहे का, देऊळ आहे का, मजार आहे का, कुणी राहतं का, कुणाची गुरं बसतात का. यातलं काही नसलं की जमीन फाजील. मग डफ, मग लिलाव. आमच्या बाई वर्गात म्हणाल्या होत्या की यात वाईट काही नाही, घरातलीसुद्धा अडगळ आपण काढतोच. तेव्हा मला ते पटलं होतं.

संध्याकाळी बाबा बाजारातून आले. पिशवी खाली ठेवतायत तोच आईने विचारलं.

"मागचं मैदान विकतायत?"

"हं."

"तुम्हाला माहीत होतं?"

बाबा पिशवीतून वांगी काढून एकेक पाटावर ठेवत होते. "पाहणी मीच केली."

"मग साहेबांना काय सांगितलंत?"

"काय सांगणार? जे असतं ते."

"काय सांगितलंत?"

"रिकामी आहे म्हणून सांगितलं."

"रिकामी," आई म्हणाली. एवढंच. मग पोळी लाटायला लागली. ती पोळी लाटून लाटून इतकी पातळ झाली की पोळपाटालाच चिकटली, आणि तिने ती गोळा करून पुन्हा लाटायला घेतली.

मला राहवेना. "बाबा, हरकत घेता येते ना? बोलीच्या आधी, तिथे उभं राहून. दवंडीतच सांगितलंय."

"तू गप्प बस."

"पण नियमच आहे तसा!"

"कांचन!"

जेवणं झाल्यावर मी ओट्यावर भांडी घासत होते तेव्हा बाबा बाहेर आले. इकडेतिकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "आईला भरीला घालू नकोस."

"का?"

"नको म्हटलं ना."

"तुमची नोकरी जाईल म्हणून? तुम्ही रिकामी म्हणालात आणि ती तिथे उभी राहून नाही म्हणाली, म्हणून?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी दुसऱ्याच कुणाची मुलगी आहे. मग म्हणाले, "तसं समज." आणि आत गेले.

मी तसंच समजले. आणि मला इतका राग आला की मी तो तवा राखेने घासून आरशासारखा केला.

आई भरीला पडायची नव्हतीच. तिचं आधीच ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी बाबा ऑफिसला गेल्यावर तिने मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "मला हिंदीत बोलायला शिकव. एकच वाक्य."

आईला हिंदी थोडीफार कळते, पण भाजीवाल्याशीसुद्धा ती बोटांनीच बोलते. मी म्हटलं, मी बोलते ना तुझ्यातर्फे, मी पहिली आलेय! ती म्हणाली, "नको. तू त्याची बहीण आहेस. मी आई आहे."

मग आठवडाभर आमची शाळा. लीलावतीकाकूही येऊन बसायच्या.

"म्हण. मेरा बच्चा यहाँ है."

"मेरा बच्चा इधर है."

"यहाँ, आई."

"इधर सोपं आहे."

"असू दे गं इधर," काकू म्हणाल्या, "इधर म्हटलं की काय साहेबाला तिधर ऐकू येतंय? रत्नाबाई, जरा जोरात मात्र म्हणा. तुमचा आवाज म्हणजे मांजर दूध पिते तसा."

"मेरा बच्चा इधर है."

"जोरात!"

"मेरा बच्चा इधर है!"

ते इतकं जोरात आलं की आम्ही तिघीही दचकलो. मग काकूंनी पदर तोंडाला लावला आणि आईनेच त्यांना पाणी दिलं.

याच वेळी विश्वासकाका चहाला डोकावले होते. त्यांनी ते वाक्य ऐकलं, दारातच थांबले. "वहिनी," ते म्हणाले, "कशाला त्या भानगडीत पडता? कमेटीची माणसं म्हणजे..."

"कमेटीचीच माणसं आहात ना तुम्ही सगळी?" आई म्हणाली.

काका चहा न घेताच गेले. काकू त्यांच्या पाठीकडे बघून म्हणाल्या, "घाबरट मेले, दोघंही एकाच माळेचे मणी." मला फार बरं वाटलं, निदान कुणीतरी बोललं.

सोमवारी मी शाळेत गेले नाही. आईने अमरावतीच्या आजीने दिलेलं जांभळं लुगडं नेसलं, जे ती फक्त हळदीकुंकवाला नेसते. आम्ही तिघी मैदानात पोचलो तेव्हा मोहाखाली टेबल मांडलं होतं. टेबलामागे जमीन शाखेचे सक्सेनासाहेब, बाजूला रमजानीचाचा, आणि साहेबांच्या मागे मोजणीची साखळी हातात धरून बाबा. बोली लावायला आलेली माणसं सावली धरून उभी होती. त्यांच्यात गोपीनाथ सेठही होते. नाल्याच्या काठाने जी मोठी लाकडाची टाल, म्हणजे वखार, आहे ती त्यांची. तो तुकडा त्यांनी गेल्या उन्हाळ्यात अशाच लिलावात घेतला होता. आता त्यांना हाही पाहिजे होता, लागून आहे म्हणून.

बाबांनी आम्हाला पाहिलं. त्यांनी साखळी दुसऱ्या हातात घेतली.

चाचांनी मैदानाच्या कडेने डफ वाजवत फेरी मारली, परत आले आणि म्हणाले, "किसी को उज्र है?"

आई पुढे गेली. टेबलापर्यंत नाही, बुंध्यापर्यंत. झाडाला पाठ लावून उभी राहिली आणि म्हणाली, "मेरा बच्चा इधर है."

मांजरीसारखं नाही. अगदी स्पष्ट. सडकेवरच्या टांगेवाल्यानेसुद्धा वळून पाहिलं.

सक्सेनासाहेब वाईट माणूस नाहीत. ते खुर्चीतून उठले. त्यांनी बाबांकडे पाहिलं, मग आईकडे, आणि त्यांना कळलं असावं की ही कोण. पण बाबा खाली बघत होते. साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला आणि मलाच म्हणाले, "बिटिया, अपनी माँ को समझाओ. हर नीलामी में यही होता है. रातोरात मजार निकल आती है, तीन ईंटें रखकर मंदिर बन जाता है. मैं इनको झूठा नहीं कह रहा. लेकिन देखना पड़ेगा. यह आदमी एक हाथ खोदेगा. बच्चा हुआ, तो इतना टुकड़ा नीलामी से बाहर, मैं खुद तार लगवा दूँगा."

मी आईला सांगितलं. खणून बघतील. असला तर एवढी जागा सोडतील, कुंपण घालतील, कायमची.

आई खाली बसली. तिने मोहाच्या मुळाशी, रोज पाणी पडून जिथे जमीन काळी झाली आहे तिथे हात ठेवला. मजूर कुदळ घेऊन आला होता. मला वाटलं ती नाही म्हणेल. मी असते तर नाही म्हटलं असतं.

"खणा म्हणावं," ती म्हणाली. "पण कुदळ नको. हाताने."

मी हिंदीत सांगितलं. बोली लावणाऱ्यांपैकी एकाने टोपी काढली. मजुराने कुदळ बाजूला ठेवली आणि गुडघ्यावर बसला.

"रत्ना, थांब."

बाबांनी आईला आमच्यासमोरसुद्धा कधी नावाने हाक मारलेली नाही. ते साखळी टाकून पुढे आले होते.

"तो इथं नाही."

आईने मान वर केली. तिला ऐकू आलं होतं, पण पोचलं नव्हतं.

"इथे मुळं होती," बाबा म्हणाले. "झाडाखाली. विश्वासने खणून पाहिलं. मुळंच मुळं. जमेना. मग आम्ही नाल्याकडे गेलो. तिथे माती मऊ होती."

आईने नाल्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. तिथे काटेरी तारेच्या आत गोपीनाथ सेठची टाल होती, सागाच्या ओंडक्यांची रास एका माणसाच्या दीडपट उंच.

"ती जागा विकली," आई म्हणाली.

"हो."

"तुम्हाला ठाऊक होतं तेव्हा."

"मोजणीची साखळी मीच धरली होती," बाबा म्हणाले.

"तुम्ही हरकत घेतली नाहीत."

"शाखेत येऊन मला आठवडा झाला नव्हता. न विचारता पुरलं होतं आम्ही. काय सांगायचं, कुठून सुरू करायचं... साहेबांनी विचारलं काही आहे का, मी म्हटलं काही नाही. तोंडातून निघून गेलं. तू इकडे यायचीस. मी म्हटलं, तिला बरं वाटतंय, कशाला..."

"मला बरं वाटावं म्हणून नव्हते येत मी!" आईचा आवाज फुटला. "त्याला तहान लागेल म्हणून येत होते. वर्षभर तुम्ही मला एका झाडाला पाणी घालू दिलंत. रोज बघत होतात. रोज मी लोटा घेऊन निघाले की तुम्ही बघत होतात."

गर्दीच्या मागे विश्वासकाका कधी येऊन उभे राहिले होते कोण जाणे. लीलावतीकाकू त्यांच्याकडे बघत होत्या, आणि मी त्यांचं तसं तोंड कधी पाहिलेलं नाही.

हे सगळं मराठीत चाललं होतं. भोवतीच्या माणसांना एक अक्षर कळलं नव्हतं. मजूर हात मातीत ठेवून तसाच बसला होता. साहेब मला म्हणाले, "क्या बात है, बिटिया? नीलकंठ बाबू क्या कह रहे हैं? खोदें या नहीं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. भरल्या सभागृहात मी एकदाही अडखळले नव्हते. आता मला एक शब्द सुचेना. विचार मात्र एक आला. साहेबांना कळलेलं नाही. मी म्हटलं असतं की आमच्यात एकदा पुरलं की उकरत नाहीत, हे पाप आहे, बाबा तेच सांगतायत, तर साहेबांनी कदाचित तेवढ्यावर ऐकलं असतं. तार लागली असती. झाड राहिलं असतं. आईला यायला जागा राहिली असती. वाक्य माझ्या ओठांवर जुळून तयार होतं, आणि मला माहीत आहे की मी ते फार चांगलं म्हटलं असतं.

मी आईकडे पाहिलं. तिने माझ्या चेहऱ्यावरून ते ओळखलं असणार, कारण तिने मान हलवली. नाही. मग ती उठली. लुगड्याची माती झटकली. साहेबांच्या समोर जाऊन उभी राहिली आणि आम्ही आठवडाभर घोकलेल्या त्या एका वाक्यात तिने स्वतःचा एक शब्द घातला.

"मेरा बच्चा इधर नहीं है."

आणि मग, साहेबांना नीट कळावं म्हणून टेबलाकडे हात करून म्हणाली, "तुम बोली करो."

बोली झाली. आम्ही थांबलो नाही. चाचांचं "एक... दो..." पाठीमागून येत होतं तेव्हा आई नाल्याच्या वाटेला लागली होती, बाबा तिच्या मागे, मी त्यांच्या मागे. तो तुकडा कुणी घेतला हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, आणि ते सांगण्यासारखं नाही.

टालेच्या फाटकात चौकीदार स्टुलावर बसून शेंगा खात होता. "लकड़ी चाहिए? सेठ नीलामी में गए हैं."

"लकड़ी नहीं चाहिए, भैया," मी म्हटलं. "थोड़ी देर बैठेंगे."

"यह बैठने की जगह है?"

"है," मी म्हटलं. कशाच्या जोरावर म्हटलं ते मला माहीत नाही, पण त्याने पाय आखडून घेतले आणि आम्हाला जाऊ दिलं.

आत ओल्या लाकडाचा वास होता. बाबा रांगांमधून चालत राहिले, दोनदा थांबले, मागे मोहाकडे वळून अंदाज घेतला, सडकेकडे पाहिलं. एका राशीपाशी उभे राहिले. ती जरा लहान होती, साल न काढलेल्या ओंडक्यांची.

"इथे?" आईने विचारलं.

"याच्या खाली. थोडं आत."

आई त्या राशीसमोर उभी राहिली. मला वाटलं ती रडेल, किंवा बाबांना काही बोलेल, किंवा ओंडके हातांनी ओढायला लागेल. तिने यातलं काही केलं नाही. ती जमिनीवर बसली, लाकडाच्या ढलप्यांमध्ये, त्या जांभळ्या लुगड्यानिशी.

"डोकं कुठल्या बाजूला केलंत?" तिने विचारलं.

बाबा तिच्यापासून जरा दूर बसले. "उत्तरेला."

"आणि अंगावर?"

"तुझी हिरवी शाल. लीलावतीबाईंनी दिली घरातून. मी म्हटलं थंडी आहे."

"ती हरवली असं मला वाटत होतं."

"मी सांगितलं नाही."

"ऊन होतं का त्या दिवशी?"

"होतं. थंडी होती पण ऊन होतं. आम्ही गेलो तेव्हा नाल्यात कुणी म्हशी धूत होतं. खड्ड्यात घालायचं मीठ विसरलो होतो. विश्वास परत गेला मीठ आणायला. तेवढा वेळ मी त्याला मांडीवर घेऊन बसलो होतो."

"मांडीवर?"

"हो."

"किती वेळ?"

"विश्वास येईपर्यंत. मी... त्याचं तोंड उघडं ठेवलं होतं. उन्हाकडे."

आईने डोळे मिटले. बाबांचा आवाज थांबला.

"आणि मग?" आई म्हणाली.

मी तिथे थांबले नाही. कुणी जा म्हटलं नव्हतं, पण वर्षभर जे त्यांनी एकमेकांना सांगितलं नव्हतं ते माझ्या कानांसाठी नव्हतं. मी फाटकापाशी आले. पाठीमागे आईचा आवाज पुन्हा आला, "आणि मग?" आणि बाबा पुन्हा बोलायला लागले, हळू, मध्ये मध्ये थांबत.

तेवढ्यात सडकेवरून ओंडक्यांनी भरलेली बैलगाडी वळली आणि फाटकासमोर येऊन थांबली. चौकीदार उठला. "चलो, चलो, हटो! माल उतारना है. वहीं, उसी ढेर पर."

मी फाटकाच्या मधोमध जाऊन उभी राहिले.

"ए लड़की! रास्ता छोड़!" गाडीवान ओरडला.

"अभी नहीं."

"क्यों नहीं? तेरे बाप की ज़मीन है?"

"नहीं," मी म्हटलं. "सेठ की है. काग़ज़ भी उन्हीं का है. लेकिन अभी नहीं."

चौकीदाराने माझा हात धरायला पुढे केला आणि मग धरला नाही. गाडीवानाने मान लांब करून माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. तिथे ओंडक्यांसमोर दोन माणसं जमिनीवर बसली होती. बाबा दोन्ही हातांनी हवेत काहीतरी धरल्यासारखे करून आईला दाखवत होते, एवढा, असा, आणि आई त्या रिकाम्या हातांकडे बघत होती.

"कौन हैं?" गाडीवानाने विचारलं. आता तो ओरडत नव्हता.

"मेरे माँ-बाप हैं."

"क्या कर रहे हैं?"

"बात कर रहे हैं."

त्याने आणखी थोडा वेळ तिकडे पाहिलं. मग गाडीवरून खाली उतरला आणि बैल सोडायला लागला.